बसलेल्या गोऱ्ह्याचं जू

आमच्या वालूरमध्ये शहाणी माणसं चिक्कार आहेत. पण ज्याच्या शहाणपणाचा मला मनापासून संताप येतो असा माणूस एकच, वैजीनाथमामा. नात्यानं तो माझा कुणी नाही. त्याचं घर आणि माझी पिठाची गिरणी एकाच भिंतीला चिकटून आहेत, आणि या गल्लीत सून म्हणून आल्यापासून मी त्याला मामा म्हणते. लाईट गेली आणि गिरणी थांबली, की त्या घरात ताटली पडलेलीसुद्धा मला ऐकू येते. म्हणून हे सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. कुणाला मान्य नसेल त्यानं आपलं दळण खुशाल दुसरीकडे न्यावं.

मामाचं काम गोऱ्हे शिकवायचं. आता शेतात जिकडेतिकडे ट्रॅक्टर दिसतो हे खरं, पण दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातून ऊसतोडीला गाड्या निघतात, त्यांना अजून बैल लागतात. आणि मानेवर कधी दोरीसुद्धा न घेतलेला, रानात मोकाट वाढलेला गोऱ्हा नुसता वयात आला म्हणून बैल होत नाही. त्याला कुणीतरी जू घ्यायला शिकवावं लागतं. त्यासाठी पार पालमकडची माणसं टेम्पोत गोऱ्हे घालून मामाकडे आणतात. मामा अंगानं काटकुळा, डोक्याला पंचा, आवाज असा खालचा की समोरच्यानं पुढे वाकून ऐकावं. त्याच्या शेजारी गोऱ्हा उभा राहिला की मामा त्याच्या पोटाआड दिसेनासा होतो.

त्याची रीत मी कितीदा तरी बघितली आहे. एका बाजूला त्याचा म्हातारा, मुरलेला बैल, दुसऱ्या बाजूला नवा गोऱ्हा, मागे ओढायला एक ओंडका. गोऱ्हा काही हलत नाही. मग मामा पराणी घेतो. पराणी म्हणजे बांबूची काठी, टोकाला बारीक खिळा. दुसरे लोक ती खुपसतात, मामा नुसती गोऱ्ह्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर टेकवून ठेवतो. गोऱ्हा अंग थरथरवतो, लाथ झाडतो, मान हिसडतो, मामाचा हात तिथून हलत नाही. शेवटी वैतागून गोऱ्हा एक पाऊल पुढे टाकतो, आणि त्याच क्षणी पराणी उचललेली असते. इतकी लगेच, की बघणाऱ्याला वाटावं दोघांनी आधी ठरवून घेतलंय.

"पराणी समद्याला टोचता येती," मामा मला एकदा म्हणाला होता. "उचलायची कवा, ते कळत न्हाई कुणाला. जनावर टोचल्यानं शिकत न्हाई, पोरी. टोचणं थांबल्यानं शिकतं. पाऊल टाकलं की सुख, येवढंच त्याच्या डोस्क्यात बसलं पायजे."

आणि त्याचा दुसरा नियम याहून पक्का होता. काही गोऱ्हे चलाख असतात. काम चालू असताना मध्येच बसकण मारतात आणि मग शेपूट पिरगाळा, ओरडा, हलत नाहीत. साधा शेतकरी मारून मारून थकतो, उन्हानं बेजार होतो आणि चिडून जू काढून टाकतो. जू निघालं की साहेब उठून चरायला मोकळे. मामा म्हणायचा, तिथंच बैल बिघडला. बसल्यावर ज्याचं जू सुटलं, तो जलमभर बसतो. त्यामुळे मामा बसलेल्या गोऱ्ह्याचं जू कधीच सोडायचा नाही. त्याच्या शेजारी तोही मातीत बसायचा, तंबाखू मळायचा, एखादी दुपारच्या दुपार जायची. गोऱ्हा आपल्या आपण उठला, त्याला दोन पावलं चालवली, की मगच जू सुटायचं.

देवगाव फाट्याजवळचा बन्सीधर एकदा असाच बसका बैल घेऊन आला. तरणाताठा, पांढराशुभ्र, पण गाडीला जोडला की मध्येच खाली बसणारा. मामानं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्याला बसायला शिकवलं कुणी?"

"कुणी शिकवंल, मामा? जातच खोडील हाय त्याची," बन्सीधर म्हणाला.

"जातीला नगं नावं ठिवू. ह्यो बसला का तूच जू सोडतूस. त्याला तसं करून सुख मिळतंय अन् तुलाबी. दोघंबी एकमेकाला शिकवायलाव तुमी."

बन्सीधर भडकला, बैल परत घेऊन गेला. आम्ही सगळे मात्र मामाच्या अकलेवर फिदा. दिव्याखाली केवढा अंधार आहे ते तेव्हा तरी कोण बोलणार?

मामाला तीन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला. त्याचं नाव माऊली ठेवलं. तळहाताच्या फोडासारखा जपला त्याला. रांगायचं सोडून चालायला लागला तेव्हाची गोष्ट. माझ्या गिरणीच्या पायरीवर तो गुळासाठी हटून बसला. पोट बिघडलेलं होतं म्हणून धुरपदामामीनं, म्हणजे त्याच्या आईनं, गूळ दिला नाही. पोरानं जमिनीवर अंग टाकलं आणि रडता रडता श्वासच धरला. ओठ निळे पडले. गोठ्यातून मामा धावत आला, कुणाला काही न विचारता घरात शिरला आणि गुळाची अख्खी ढेपच त्याच्या पुढ्यात ठेवली. पोरानं श्वास घेतला. मामाचा जीव भांड्यात पडला, आणि माझ्या मते तो तेव्हापासून त्या भांड्यातच आहे.

मामी म्हणाली, "तोंडावर पाणी मारलं असतं तरी आला असता की श्वास."

"तुला काळीज हाय का न्हाई?" मामा म्हणाला. "मला न्हाई बघवलं."

मला न्हाई बघवलं, मला न्हाई ऐकवलं. मामाच्या पुढच्या वीस वर्षांची कहाणी या दोन वाक्यांत बसते. पोराला एवढं नेमकं समजलं, की नाक दाबलं की तोंड उघडतं. फक्त नाक स्वतःचं दाबायचं आणि तोंड बापाचं उघडायचं. शाळेत जायचं नसलं की पोट दुखायचं. मोबाईल पाहिजे होता तेव्हा भिंतीवर डोकं आपटून झालं. आता कुणाला वाटेल, मामा मागितलं की लगेच द्यायचा. तसं अजिबात नव्हतं. तसं असतं तर परवडलं असतं. मामा दरवेळी ठरवायचा, या वेळी काही झालं तरी द्यायचं नाही. मग पोरगं मागच्यापेक्षा एक पायरी वर चढायचं आणि मामा तिथं खाली बसायचा. बाप दरवेळी थोडा जास्त टिकत होता, त्यामुळे पोरगा दरवेळी थोडा जास्त चिवट होत होता.

मोटारसायकलच्या वेळी माऊली फवारणीच्या औषधाचा डबा हातात घेऊन अंगणात फिरला. "पितो मी, मग बसा बोंबलत," असं ओरडत होता. डब्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं, मी माझ्या ओट्यावरून स्वच्छ बघितलं. मामीनंही बघितलं. मामाला तेवढं दिसलं नाही. मोटारसायकल आली आणि माऊलीराव देवगाव फाट्यावर हॉटेलात बसून दिवस काढू लागले.

मी एकदा न राहवून विचारलं, "मामा, माऊली गोऱ्हा असता तर काय केलं असतं?"

तो हसला. "लेकरू काय गोऱ्हा हाय व्हय गं?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणखी काय म्हणायचं?

माऊलीचं लग्न झालं. राजेश्री पालमजवळच्या एका खेड्यातली, बारावी सायन्स झालेली. तिचे वडील आदिनाथराव, साधा शेतकरी माणूस. सुपारी फोडायच्या आधी त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर एकच गोष्ट मागितली. "पोरीला नर्सिंग करायचंय. लय नाद हाय तिला. तेवढं करू द्या."

मामानं सुपारी हातात धरून सांगितलं, "शिकवू. माझा शब्द हाय." जनावरांच्या व्यवहारात मामाचा शब्द चार तालुक्यांत चालतो. आदिनाथरावांनी निश्चिंत मनानं पोरगी दिली.

राजेश्रीला मी जवळून बघितली ती दळणाच्या निमित्तानं. पायली दळायला घेऊन यायची, गर्दी असली की ज्वारीच्या पोत्यावर बसून पुस्तक वाचायची. पीठ उडून पुस्तक पांढरं व्हायचं, ती पान झटकायची आणि पुढे वाचायची. रक्तदाब कसा मोजतात ते तिनं माझ्याच दंडाला रुमाल आवळून मला समजावलं होतं. बोलायला लागली की थांबायची नाही. सासऱ्याच्या परवानगीनंच तिनं अर्ज भरला. माऊली काही बोलला नाही, कारण हिचा नंबर लागेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

नंबर लागला. परभणीचं कॉलेज, दोन वर्षं, राहायला होस्टेल. ठरल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा खालच्या मुलीला जाणार.

फाट्यावरच्या दोस्तांनी माऊलीची टर उडवली. "बायको नर्स झाल्यावर तू काय, तिची पिशवी धरणार का?" एवढं पुरलं. त्यानं घरी येऊन भांडी फेकली. "ती होस्टेलात राहणार अन् मी हितं भाकरी थापू? ती गेली तर माझं मढं बघायची तयारी ठिवा."

त्या आठवड्यात राजेश्री गिरणीत आली होती आणि मामा पिठाची पिशवी न्यायला. तिनं माझ्यासमोरच त्याला गाठलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ बोलली.

"मामा, मला तुमच्याकडून पैसा नको, काही नको. ते ओरडतील, मरतो म्हणतील. तुमी फक्त एक दिवस न्हाई म्हणा. येकच दिवस. मी गेले की ते आपोआप गप होतील. पण मी जायच्या आधी तुमी ढिले पडलाव, तर मंग मी जलमात कुठंच जाऊ शकत न्हाई."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा तू, पोरी. मी हाय."

आणि खोटं कशाला बोलू, प्रवेशाच्या दिवशी सकाळी तो खरोखर होता. धुरपदामामीनं आदल्या दिवशीच घरातली फवारणीची सगळी औषधं पोत्यात बांधून माझ्या गिरणीत आणून टाकली होती. कमी बोलणारी बाई, पण डोकं जाग्यावर. मामाला तिनं सांगितलंही होतं, "घरात आता इषाचा थेंब न्हाई. ओरडंल तेवढं ओरडू द्या." सकाळी माऊलीनं डबा शोधला, सापडला नाही. मग माठ फोडला, दारावर लाथा घातल्या, बायकोची बॅग अंगणात फेकली. मामानं ती उचलली, धूळ झटकली आणि म्हणाला, "ती जायलीय. मी न्हाई म्हणलो म्हंजी न्हाई."

गल्ली अवाक झाली. मामा राजेश्रीला घेऊन स्टँडवर गेला, सेलूच्या यष्टीत तिला खिडकीजवळ बसवलं. ती वाकून पाया पडली तेव्हा कंडक्टरसुद्धा घंटी द्यायचा थांबला होता, असं मामानंच मला येऊन सांगितलं. सेलूहून तिला परभणीची गाडी मिळणार होती.

मामा परत आला तेव्हा माऊली अंगणात उभा होता. त्यानं बापाकडे बघितलं, "आता बघा मग," एवढंच बोलला, आतल्या खोलीत गेला आणि कडी लावली.

मग काहीच नाही. आवाज नाही, आदळआपट नाही.

तेव्हा लाईट गेलेली होती, गिरणी बंद होती, म्हणून मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. मामी चुलीपुढे भाकरी करत होती. मामा दारासमोर उभा. ओरडण्याला तोंड द्यायचं त्यानं ठरवलं होतं, त्याची तयारी करून आला होता. गप्प दारापुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दाराला कान लावला. फटीला डोळा लावला, तर आतून चादर टाकलेली. "माऊली," त्यानं हाक मारली. उत्तर नाही. अंगणात गेला, परत आला, पुन्हा कान लावला.

"झोपला असंल," मामी म्हणाली. "बसा तुमी. भूक लागली का येतोय भाईर."

"झोपलाय कशावरून?"

"रातभर जागा होता म्हणून."

मामा बसला. लगेच उठला. तंबाखूची डबी काढली आणि न उघडताच परत खिशात ठेवली. मला त्याची दया आली, हेही सांगून टाकते. मी म्हटलं, "मामा, गोऱ्ह्याशेजारी तुम्ही दुपार दुपार बसता. इथं घटकाभर बसा. तिला परभणी गाठू द्या."

"गोऱ्हा डोळ्यापुढं दिसतो गं," मामा म्हणाला. "ह्यो दिसत न्हाई."

तेवढ्यात त्यानं खिशातून फोन काढला. मामी चुलीपुढून उठली, "नगं, आवं नगं," म्हणाली, तिचे हात पिठानं भरलेले. मामाचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे आम्ही सगळं ऐकलं. पलीकडे सेलूचा स्टँड, गाड्यांचे हॉर्न, परभणी परभणी ओरडणारा कुणीतरी.

"मामा, बसले मी गाडीत. जागा भेटली," राजेश्रीचा आवाज इतका आनंदी होता की काय सांगू.

"पोरी, माघारी ये."

तिनं विचारलं, "काय केलं त्यांनी?"

"काय केलं न्हाई आजून. दार लावून घेतलंय. माझा जीव ऱ्हाईना गं. माझ्यासाठी ये."

गाडी चालू झाल्याचा आवाज आला. "थांबवा, उतरायचंय," असं ती कुणाला तरी म्हणाली. फोन बंद झाला.

मामा दारावर दोन्ही हातांनी मारायला लागला. "माऊली, ती माघारी यायलीय बाबा. उघड. न्हाई जात ती कुठं." बराच वेळ मारत होता. शेवटी आत खाटेची करकर ऐकू आली आणि कडी निघाली.

माऊली दारात उभा होता. गालावर उशीच्या शिलाईचा वळ, तोंडाच्या कोपऱ्यात लाळ, डोळे धड उघडेनात. सकाळची सगळी मस्ती संपवून, हरून, पोरगं ढाराढूर झोपलं होतं. "काय झालं?" त्यानं विचारलं. "कोण यायलंय?"

मामानं सांगितलं. माऊली बघतच राहिला. एवढं काही आपल्याला मिळालंय हे त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं घाईघाईनं चेहऱ्यावर राग आणला, अर्धवट जागा माणूस शर्ट चढवतो तसा, आणि मग विचारलं, "भाकरी झाली का?"

"झाली की, लेकरा, झाली," म्हणत मामा उंबऱ्यावरच बसला आणि रडला. मामीनं तव्यावरची भाकरी काढली, त्याच्या पुढ्यात टाकली आणि पाठ फिरवून बसली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुपार अजून व्हायची होती. सेलूहून परभणीला गाड्यांचा तोटा नाही. मी माझ्या फोनवरून राजेश्रीला लावलं. म्हटलं, "पोरी, तो झोपला होता नुसता. काही झालेलं नाही. तशीच परभणीला जा."

ती सेलूच्या स्टँडवरच उभी होती. म्हणाली, "काकू, मामाला सांगू द्या. त्यांनी बोलावलंय, त्यांनीच जा म्हणू द्या. मंग जाते."

मी फोन मामापुढे धरला. एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरंसुद्धा नाहीत त्यात. मामानं फोनकडे बघितलं, जेवत बसलेल्या पोराकडे बघितलं. माऊली घास थांबवून बापाकडे बघत होता. पलीकडून राजेश्री "मामा? मामा?" करत होती.

मामानं हात पुढे केला नाही. "आत्ता कुठं शांत झालंय गं," तो मला हळूच म्हणाला. "पुन्हा कशाला?"

फोन चालूच होता, त्यामुळे तिनं हे ऐकलं. "बरं," एवढंच म्हणून तिनं ठेवून दिला.

ती आली तेव्हा माऊली फाट्यावर निघून गेला होता. तिनं बॅग कोपऱ्यात ठेवली, रांजणातलं पाणी पायांवर घेतलं, आत आली. मामा खाली मान घालून बसला होता. तिनं विचारलं, "झोपले होते व्हय?"

"व्हय."

"बरं झालं मंग," ती म्हणाली आणि ताटं घासायला घेतली. आदिनाथराव दुसऱ्या दिवशी आले. मला वाटलं, आता तरी कुणीतरी मामाला चार शब्द सुनावील. त्यांनी मुलीलाच बाजूला घेऊन सांगितलं, "जाऊ दे, बाई. घर मोठं का शाळा मोठी? मिटलं ना, मग मिटू दे." मामानं त्यांना स्टँडपर्यंत सोडलं. दोघांचे चेहरे असे हलके झाले होते, जणू दवाखान्यातून माणूस बरा होऊन घरी आलाय.

कुणाचा शब्द गेला, कुणाची जागा गेली, यावर गल्लीत दोन दिवस चर्चा झाली. मग तीही थांबली. मामाकडे गोऱ्हे येतच राहिले. घरात आता आरडाओरडा नाही हे तो ज्याला त्याला सांगतो. "पोरगी लय समजदार निघाली," असं माझ्याजवळ म्हणाला, तेव्हा मी गिरणी चालू केली, म्हणजे पुढचं ऐकायला नको.

यंदा पुन्हा प्रवेश सुरू झाले. पेपरात वाचलं आणि मी राजेश्री दळण घेऊन यायची वाट बघत बसले. सगळं ठरवून ठेवलं होतं. तिचा अर्ज मी भरून आणणार, कॉलेजात मी सोबत जाणार, आणि त्या दिवशी मामाचा फोन माझ्या गल्ल्यात कुलूपबंद राहणार. ती आली. पायली चाळणीजवळ ठेवली. मी हे सगळं एका दमात सांगितलं.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली. "नको, काकू."

"का गं? माऊलीची भीती वाटते?"

"त्यांची न्हाई."

"मग?"

ती पोत्यावर बसली. बरोबर पुस्तक नव्हतं, हातात पिशवीचे बंद होते, ते ती बोटाला गुंडाळत होती. "काकू, नंबर लागला तवापासून माझ्या पोटात एक गोळा असायचा. जाऊ देतील का न्हाई, आज भांडण होतंय का उद्या. जेवण जायचं न्हाई. सेलूला त्या गाडीतून उतरले, अन् मामा म्हणले, आत्ता कुठं शांत झालंय, ते ऐकलं. तवा लय रडले मी स्टँडवर. पण घरी आले अन् बघितलं, तर तो गोळा गेला होता. त्या दिवसापासून एकदाबी न्हाई आला." ती माझ्याकडे बघून हसली. "आता कुणी शिकायचं काढलं ना, की मीच पहिल्यांदा न्हाई म्हणते. म्हणलं की लय बरं वाटतं बगा."

ती खोटं बोलत नव्हती. अंगानं भरली होती, तोंडावर तजेला होता. पीठ घेऊन ती गेली आणि मी गिरणीचा पट्टा काढून ठेवला, त्या दिवशी पुढे कुणाचंच दळण घेतलं नाही.